गाडीच्या आतली ओल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये इंजिन, ब्रेक आणि टायर यांच्यापेक्षा गाडीत शिरणाऱ्या पाण्याच्या तक्रारीच अधिक आहेत. त्यांपैकी काही पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. ज्यांचे पत्र छापता आलेले नाही त्यांनीही सर्व उत्तरे क्रमाने वाचावीत, कारण पहिल्या दोन उत्तरांत सांगितलेली तपासणी बहुतेक सर्वांच्या उपयोगाची आहे.

प्रश्न : चालकाच्या शेजारच्या आसनासमोरील गालिचा नेहमी ओला राहतो. समोरच्या काचेतून पाणी येत असावे असे समजून गॅरेजमध्ये काचेच्या कडेने दोनदा सीलंट भरून घेतले. ओल कायम आहे. मागच्या आठवड्यात पाऊस मुळीच नव्हता, तरीही गालिचा भिजलेला होता. आता काच काढून नव्याने बसवून घ्यावी का?

उत्तर : काचेला आणखी हात लावू नये. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. पाऊस नाही, गाडी धुतलेली नाही आणि तरीही गालिचा भिजतो, याचा अर्थ ते पाणी बाहेरून आलेले नसून गाडीतच तयार झालेले आहे. ते तयार होते एसीमध्ये. डॅशबोर्डच्या मागे इव्हॅपोरेटर नावाचे थंड जाळे असते आणि गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब धरतात त्याप्रमाणे हवेतील बाष्प या जाळ्यावर पाणी होऊन साठते. हे पाणी जाळ्याखालच्या तबकात पडून एका नळीवाटे गाडीच्या खाली ठिबकले पाहिजे. हवा दमट असेल, तर लांबच्या प्रवासात हे पाणी लिटरच्या मापाने निघते. नळीच्या तोंडाशी पानांचा चुरा, चिखल किंवा कुंभारमाशीने लिंपलेली माती अडकली, की तबक भरते आणि पाणी कडेवरून आत, म्हणजे बरोबर आपण सांगता त्या जागी, उतरते.

खात्री करून घेणे सोपे आहे. गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत उभी करावी, एसी सर्वांत थंड ठेवून 20 मिनिटे चालू द्यावा आणि मग खाली वाकून पाहावे. दमट हवेत गाडीखाली पाण्याचा ठिपकाही पडला नाही, तर नळी तुंबली आहे असे समजायला हरकत नाही. दुसरी खूण कानांना कळते : वळण घेताना किंवा ब्रेक लावताना डॅशबोर्डच्या आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो. नळीचे रबरी तोंड बहुधा इंजिन आणि आसनकक्ष यांच्यामधील पत्र्याच्या खालच्या भागात सापडते. ते बोटांनी हलकेच दाबून पाहावे. एवढ्यानेही पुष्कळदा अडकलेला मळ सुटतो. न सुटल्यास मऊ नायलॉनची दोरी थोडी आत सारावी किंवा ओले शोषणाऱ्या व्हॅक्यूमने खालून ओढून घ्यावे. टोकदार तार मात्र वापरू नये, कारण तिने तबकाला भोक पडले तर संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. हे करताना चेहरा नळीच्या बरोबर खाली नसावा, हेही सांगून ठेवतो. साठलेले पाणी सुटते तेव्हा ते एकदम सुटते.

आपल्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. माझ्या जुन्या गाडीच्या काचेला मी एका हंगामात तीनदा सीलंट फासले होते आणि प्रत्येक वेळी चार दिवस कोरडे गेले की स्वतःवर खूष होत होतो. शेवटी एका वळणावर शेजारी बसलेल्या मित्राच्या उजव्या पायावर गार पाण्याची धार पडली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला तो प्रकार होता. ते कोरडे चार दिवस काचेमुळे नव्हते. त्या दिवसांत मी एसी लावलाच नव्हता.

ज्यांची ओल याच जागी पण फक्त पावसानंतर दिसते, त्यांनी वायपरच्या खालची प्लॅस्टिकची जाळी पाहावी. काचेवरून ओघळणारे सर्व पाणी या जाळीखालच्या खोबणीत उतरते आणि तिच्या दोन्ही टोकांना असलेल्या छिद्रांतून बाहेर जाते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तेथे पानांचे अक्षरशः खत तयार होते. छिद्रे बुजली की पाण्याची पातळी वाढते आणि बाहेरची हवा आत घेणाऱ्या तोंडातून ते पंख्यात जाते. आसनकक्षात येणारी हवा गाळणारी गाळणी (इंजिनची नव्हे) बाहेर काढून पाहावी. ती भिजलेली किंवा पाण्याचे डाग पडलेली असेल, तर आणखी पुरावा नको.

प्रश्न : प्रत्येक मोठ्या पावसानंतर डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी साठते. डिकीच्या झाकणाचे रबर नवीन बसवले, तरी फरक पडला नाही. पाणी नेमके कोठून येते हे कसे शोधावे?

उत्तर : रबर बदलण्याचा खर्च शोध घेण्याआधी झाला, एवढेच वाईट. डिकीत पाणी येण्याच्या वाटा अनेक असतात आणि रबर ही त्यांतील केवळ एक असते. शिवाय पाणी पत्र्याच्या कडांवरून, वायरींच्या जुडग्यांवरून आणि अस्तरामागून वाहत जाऊन सर्वांत खोल जागी थांबते. स्टेपनीचा खळगा ही गाडीच्या मागच्या भागातील सर्वांत खोल जागा आहे. तेव्हा तेथे पाणी सापडले म्हणजे ते तेथेच शिरले असे होत नाही. गाडी उतारावर उभी करण्याची सवय असेल, तर छताच्या पुढच्या भागातून शिरलेले पाणीही मागे येऊन साठू शकते.

शोधासाठी एक सुट्टीचा दिवस आणि एक मदतनीस लागेल. प्रथम डिकी पूर्ण रिकामी करावी, तळाचा गालिचा आणि बाजूची अस्तरे काढावीत, स्टेपनी बाहेर काढावी आणि उघडा पत्रा फडक्याने पुसून कोरडा करावा. मग सांध्यांवर, वळणांवर आणि खळग्याच्या कडांवर टाल्कम पावडर कापसाने पातळ लावावी. मदतनिसाने विजेरी घेऊन मागच्या आसनावर बसावे आणि आसनाची पाठ पाडून डिकीत पाहावे. झाकण लावून कोणालाही डिकीत कोंडून ठेवू नये. पाठ पडणारी नसेल तर झाकण लावून पाणी सोडावे आणि दर थोड्या वेळाने उघडून पाहावे.

बाहेरच्या माणसाने बागेच्या नळीने पाणी सोडावे. तोटीचा फवारा किंवा दाबाने पाणी मारणारे यंत्र नको, कारण पावसात कधीही शिरणार नाही अशा फटींतूनही दाबाचे पाणी शिरते आणि आपण भलत्याच गळतीच्या मागे लागतो. सुरुवात नेहमी खालून करावी. आधी बंपरची वरची कड, मग टेललाइटच्या खालची बाजू, मग टेललाइटच्या वर, त्यानंतर काचेची खालची कड आणि सर्वांत शेवटी छत, अशा क्रमाने प्रत्येक जागी निदान पाच मिनिटे बारीक धार धरावी. घाईने छतावर पाणी ओतले की सगळीच गाडी भिजते आणि आत दिसलेला थेंब कोणत्या वाटेने आला हे सांगता येत नाही. आत पहिला थेंब दिसताच मदतनिसाने ओरडून सांगावे, बाहेरच्याने त्याच क्षणी धार थांबवावी आणि पावडरीत उमटलेली वाट विजेरीने उलट दिशेने वर शोधत जावे. पांढऱ्या पावडरीत पाण्याची रेघ स्पष्ट काळपट दिसते. ती जिथून सुरू होते त्याच्या आसपासच वाट असते.

माझा पहिला संशय टेललाइटवर आहे. दिव्याच्या मागे स्पंजसारखी पट्टी असते, ती वर्षांनुवर्षे दाबून चपटी होते आणि दिवा बसवणाऱ्या नटांच्या भोवतीही फट पडते. बल्ब बदलताना दिवा काढला आणि नट एका बाजूला जास्त आवळला, तर तेवढे पुरते. दुसरा संशय बंपरच्या आड असलेल्या हवेच्या झडपांवर. दार जोरात लावल्यावर आतील हवा बाहेर पडावी म्हणून त्या ठेवलेल्या असतात. त्यांच्या चौकटीभोवतीची पट्टी सुटली की मागच्या चाकाने उडवलेले पाणी सरळ आत येते. त्यानंतर छतावरच्या पन्हळीची पट्टी जेथे संपते ते टोक, अँटेनाचे बूड, वरचा तिसरा ब्रेकदिवा आणि पत्र्यांच्या जोडांवरील तडकलेले सीलंट ही ठिकाणे पाहावीत. मागच्या काचेला वायपर आणि पाण्याचा फवारा असलेल्या गाड्यांत फवाऱ्याची नळी झाकणाच्या बिजागरीजवळ वाकून वाकून तुटते. तेथे पावसाचा संबंधच नसतो. बटण दाबले की आत पाणी.

झाकणाच्या रबराची परीक्षाही पाण्याशिवाय होते. रबरावर खडू घासून झाकण लावावे आणि उघडावे. समोरच्या पत्र्यावर उमटलेली रेघ जेथे तुटलेली असेल तेथे रबर नीट टेकत नाही. आपण नवीन रबर बसवले आहे, पण झाकणच एका बाजूला उचललेले असेल तर नव्या रबराचाही काही उपयोग नाही. गाडीला मागून कधी ठोकर बसली असल्यास हे अवश्य तपासावे.

तात्पुरता उपाय म्हणून खळग्यातील रबरी बूच काढून पाणी सोडून देता येते, पण ते बूच काढून ठेवून गाडी चालवू नये. सायलेन्सरचा धूर त्या वाटेने आत येऊ शकतो.

प्रश्न : सनरूफ पूर्ण बंद असतानाही आरशाजवळच्या दिव्यातून पाणी ठिबकते. सनरूफचे रबर बदलावे लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. सनरूफच्या काचेभोवतीचे रबर सर्व पाणी अडवील अशी अपेक्षाच मुळात धरलेली नसते. थोडे पाणी रबराच्या कडेने आत येणार हे गृहीत धरून त्याखाली चौकटभर पन्हळ दिलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली उतरतात. पुढच्या नळ्या बहुधा पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत उघडतात. त्यांतील एक तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी छताच्या अस्तरावर सांडते.

सनरूफ उघडून पन्हळीच्या पुढच्या कोपऱ्यात लहान पेलाभर पाणी हळूहळू ओतावे आणि त्याच बाजूच्या चाकामागे ते खाली पडते का हे पाहावे. नंतर दुसऱ्या कोपऱ्यात तेच करावे. पाणी जागच्या जागी थांबले तर नळी तुंबलेली आहे. पाणी पटकन उतरले पण बाहेर आले नाही, तर नळी आतल्या आत निसटलेली किंवा फाटलेली आहे आणि ते पाणी खांबाच्या आतून गालिच्याखाली जाते आहे. पहिल्या प्रकारात गवत कापण्याच्या यंत्रात असते तशी जाड नायलॉनची दोरी वरून हलकेच सरकवून मळ काढता येतो. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये. पुष्कळ ठिकाणी हाच उपाय झटपट म्हणून केला जातो आणि त्या दाबाने नळीचा सांधा निसटून बाहेर जाणारे पाणी कायमचे आत येऊ लागते. दुसऱ्या प्रकारात खांबावरील अस्तर काढावे लागते. त्या खांबात किंवा छताच्या कडेला खिडकीपुढे पडद्यासारखी फुगणारी एअरबॅग असेल, तर ते काम जाणकाराकडेच द्यावे.

प्रश्न : दारातील स्पीकर बदलून घेतल्यापासून त्याच दाराच्या खालचा गालिचा पावसात भिजतो. याचा स्पीकरशी संबंध असेल का?

उत्तर : सरळ संबंध आहे. खिडकीची काच जेथून वर येते त्या फटीतून पाणी दाराच्या पोकळीत जातेच, सर्वच गाड्यांत जाते, आणि दाराच्या खालच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर पडते. ते आतल्या बाजूला येऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या अस्तरामागे एक पातळ पडदा चिकट काळ्या पट्टीने चिकटवलेला असतो. स्पीकर बदलताना तो फाटला असेल किंवा धूळ बसलेल्या पट्टीवर नुसताच दाबून ठेवला असेल. अस्तर काढून पडदा पाहावा, फाटला असल्यास बदलावा आणि जुनी पट्टी खरवडून नवी ब्यूटिल पट्टी लावावी. पडद्याचे खालचे टोक पोकळीच्या आत वळलेले असले पाहिजे. ते बाहेर राहिले तर पाणी उंबऱ्यावरून सरळ गालिच्यावर उतरते. दार उघडेच आहे तर खालची छिद्रेही काडीने मोकळी करावीत.

प्रश्न : गालिच्यावरचा ओलावा चिकट लागतो, गाडीत गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके बसते. हेही पावसाचेच पाणी का?

उत्तर : नाही, हे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव आहे आणि येथे वाट पाहत बसू नये. डॅशबोर्डमधील हीटरचे जाळे किंवा त्याच्या नळीचा सांधा गळत आहे. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीतील पातळी पाहावी. ती पुन्हा पुन्हा उतरत असेल तर शंका उरत नाही. पातळी फार उतरली तर इंजिन तापून बिघडते, म्हणून दुरुस्ती लांबवणे महागात पडते. गळती बंद करणारी पूड टाकीत टाकावी असे आपल्याला कोणी सुचवील, परंतु ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. जाळे बदलणे हाच खरा उपाय. सांडलेले द्रव लगेच पुसून काढावे. कूलंटमधील एथिलीन ग्लायकोल विषारी असते आणि चवीला गोड असल्याने लहान मुले व पाळीव जनावरे त्याकडे ओढली जातात.

प्रश्न : गळतीची जागा सापडली आहे. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी येते. घरच्या सिलिकॉनने ती बुजवली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. समोरची काच पत्र्याला युरेथेन गोंदाने जोडलेली असते आणि गाडीची मजबुती काही प्रमाणात त्या जोडावर अवलंबून असते. घरगुती सिलिकॉनपैकी ज्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्यांतून सुकताना ॲसिटिक आम्ल निघते आणि उघड्या पत्र्याला त्याने गंज चढतो. त्याहून मोठी अडचण पुढे येते. सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागेवर युरेथेन धरत नाही, त्यामुळे उद्या काच नीट बसवायची म्हटले तर कारागिराला आधी ते सर्व खरवडावे लागते. काच पूर्वी कधी बदललेली असेल, तर गोंदाखालचा पत्रा गंजल्याची शक्यता धरावी. अशा वेळी काच काढून, गंज घासून, प्रायमर देऊन ती पुन्हा चिकटवणे हेच काम आहे आणि नवा गोंद पुरेसा धरेपर्यंत कारागीर सांगेल तितका वेळ गाडी चालवू नये.

कोपऱ्याची फट काचेची आहे की छताच्या पट्टीची, हे आधी निश्चित करावे. त्यासाठी पंखा पूर्ण वेगाने बाहेरच्या हवेवर ठेवून सर्व दारे व खिडक्या बंद कराव्यात आणि काचेच्या कडेला बाहेरून साबणाचे पाणी ब्रशने लावावे. आतील हवा जेथून निसटते तेथे बुडबुडे येतात.

दारांच्या रबरांबद्दलही याच पत्रात विचारणा आहे. कडक होऊ लागलेल्या रबराला सिलिकॉनचे वंगण चालते. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावल्यास हे रबर फुगते आणि खराब होते.

प्रश्न : गळती बंद झाली, गालिचाही वाळला, परंतु कुबट वास जात नाही आणि सकाळी सर्व काचांवर आतून दव दिसते. काय करावे?

उत्तर : गालिचा वरून वाळला आहे, खाली नाही. गालिच्याखाली फोमचा जाड थर असतो आणि तो कित्येक लिटर पाणी धरून ठेवतो. वरून हात फिरवला तर कोरडा लागतो, पण तळहात टेकवून अंगाचा भार दिला की बोटांच्या फटींतून पाणी वर येते. ओल राहिल्यास एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. सुगंधी फवारे मारणे म्हणजे त्या बुरशीला अत्तर लावणे होय.

आसने काढून गालिचा उचलला पाहिजे. आसनांखाली एअरबॅगच्या वायरी असतात आणि त्यांचे जोड बहुधा पिवळे असतात. बॅटरीची तार काढून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितला आहे तितका वेळ थांबल्याखेरीज त्यांना हात लावू नये. शंका असल्यास आसने गॅरेजमध्ये काढून घ्यावीत. विजेच्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड वायरीजवळ ओल दिसली, तर स्वतः काहीच न करता प्रशिक्षित माणसाला बोलवावे. काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पेट्या आसनाखालीच किंवा गालिच्याखाली बसवलेल्या असतात. जोड उघडून पाहताना पितळी पिनांवर हिरवट थर दिसला, तर आज नीट चालणारी खिडकी किंवा कुलूप पुढे अवेळी त्रास देईल असे धरून ते जोड साफ करून घ्यावेत.

फोम ओल्या व्हॅक्यूमने जितका पिळता येईल तितका पिळावा आणि गालिचा खालून हवा लागेल असा ठोकळ्यांवर उचलून पंख्यासमोर ठेवावा. याला दोन-चार दिवस लागतात. तोपर्यंत उघड्या पत्र्यावर गंजाचे ठिपके दिसल्यास ते घासून प्राइमर मारावा. फोममध्ये बुरशीचे काळे डाग पडले असतील, तर तो धुण्यापेक्षा बदलावा असे माझे मत आहे. वाळला असे वाटल्यावर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या फोमखाली सर्वांत खोल जागी सारून त्यावर वजन ठेवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी त्या घड्या कुरकुरीत निघाल्या तर आसने बसवावीत. मऊ पडल्या असतील तर पंखा आणखी एक दिवस चालू ठेवावा.